धरणी थांबली, छाती मात्र धडधडते

घराच्या पत्र्यावर मांजर उडी मारते, रस्त्यावरून उसाचा ट्रक जातो, शिवारात विहिरीचा सुरुंग उडतो आणि घरातील एखादी व्यक्ती ताडकन उठून अंगणात येते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या परिसरात ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली, त्यांच्या घरी हे दृश्य नवे नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक रात्री उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. घरांचे पंचनामे झाले, मनाचा पंचनामा करण्याची रीत मात्र आपल्याकडे नव्हती. तरीही पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला, ही त्या काळातील महत्त्वाची गोष्ट म्हटली पाहिजे.

भूकंपाची भीती तिथेच संपली नाही. नांदेड शहराने २००६ च्या नोव्हेंबरपासून सौम्य धक्क्यांची मालिका अनुभवली. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. अशा वेळी लोक रस्त्यावर येतात, हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो धक्का थांबल्यानंतर महिनोन् महिने ज्यांचे मन रस्त्यावरच राहते, त्यांचा.

भीती ही शरीराची राखणदार आहे. संकट दिसताच मेंदू इशारा देतो, अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी केलेली ही तयारी असते. चिंताविकारात संकट नसतानाच हा इशारा वाजतो किंवा एकदा वाजला की थांबत नाही. ‘जीव घाबरा होतोय’, ‘काळजात धस्स झालं’, ‘हातापायातलं बळच गेलं’ अशी तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात येतो. घाम, चक्कर, घशाशी आवंढा, पोटात कालवाकालव, बोटांना मुंग्या हे सारे त्यातलेच. झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. पण तेवढ्या वेळात रुग्णाला आपण आता जात आहोत असेच वाटते.

म्हणून पहिला नियम हा की, छातीत पहिल्यांदा असे झाल्यास ‘मनाचे आहे’ असे घरच्या घरी ठरवू नये. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, ईसीजी काढावा. थायरॉईडचा दोष, रक्तक्षय, अति चहा किंवा दारू सोडल्यानंतरचा त्रास यांतूनही अशीच लक्षणे दिसतात. मात्र तपासण्या निर्दोष आल्यावरही दर पंधरा दिवसांनी नवा ईसीजी काढत लातूर, नांदेड, सोलापूर अशी दवाखान्यांची परिक्रमा करणारे रुग्ण कमी नाहीत. काहींच्या घरी दृष्ट काढली जाते, देवऋषी गाठला जातो. श्रद्धेने धीर येत असेल तर त्यावर आमचे काही म्हणणे नाही, पण त्यापायी उपचाराला वर्षभर उशीर होऊ नये.

उपचार म्हणजे नुसत्या गप्पा, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. समजा, एका बाईंना सिमेंटच्या स्लॅबखाली झोपवत नाही. बारा महिने त्या अंगणात झोपतात. अंगणात बाज टाकली की भीती उतरते, त्यामुळे मनाची खात्री पटते की ‘बाहेर आले म्हणून वाचले’. टाळण्याने सुटका होते आणि त्या सुटकेनेच भीती पोसली जाते. ही गाठ सोडवण्यासाठी ‘विचार-वर्तन उपचार’ वापरतात. अमेरिकेतील डॉ. अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात तो मांडला. भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत त्याआधी दक्षिण आफ्रिकेचे डॉ. जोसेफ वोल्पे यांनी विकसित केली होती.

तज्ज्ञ त्या बाईंसोबत भीतीची शिडी तयार करतात. आधी दुपारी दार उघडे ठेवून घरात पंधरा मिनिटे बसायचे. मग दार लोटून. मग दुपारची वामकुक्षी आत, नंतर संध्याकाळ आणि शेवटी रात्र. प्रत्येक पायरीवर धडधड होणारच, पण उठून न पळता थांबले की ती आपोआप उतरते, हे शरीराला अनुभवाने कळते. सोबत विचारांची उलटतपासणी चालते. ‘भिंत हलली’ असे वाटले तेव्हा खरेच काय घडले होते? ट्रक गेला होता का? इथे एक भेद मात्र पाळावा लागतो. घर भूकंपरोधक बांधणे ही काळजी झाली, ती घ्यावीच. रोज रात्री चार वेळा उठून भिंती चाचपणे ही चिंता झाली. साधारण बारा ते सोळा बैठकांत पुष्कळांना लक्षणीय फरक पडतो. श्वास सावकाश सोडण्याचा सराव मदतीला असतो, पण तो मुख्य उपचार नव्हे.

त्रास जास्त असल्यास औषधे लागतात. चिंतेवरची नेहमीची औषधे गुण यायला दोन ते चार आठवडे घेतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नयेत. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीचे गुण लगेच येतात, आणि तोच तिचा धोका आहे. तिची सवय लागते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती आणणे किंवा चालू असलेली एकदम बंद करणे, दोन्ही घातक.

‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने घर सोडून खोलीवर राहणाऱ्या, ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलामुलींनाही हेच लागू आहे. पेपर समोर येताच डोळ्यांपुढे अंधारी येणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याला ‘मनावर घेऊ नको’ म्हणणे म्हणजे ताप आलेल्याला ‘गरम होऊ नको’ म्हणण्यासारखे आहे.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभागाकडे जाता येते. प्रवास शक्य नसल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य आहे. पहिल्या भेटीला जाताना आठवडाभराची नोंद वहीत लिहून न्यावी : त्रास केव्हा झाला, आधी काय घडले, मनात कोणता विचार आला, आपण काय केले आणि किती वेळाने बरे वाटले. जुने ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटेही सोबत ठेवावीत.