राजीनामा की बडतर्फी? खाजगी शाळांतील सेवासमाप्तीच्या वादाचे स्वरूप

प्रस्तावना :

सेवा संपुष्टात आली, हे उभय पक्षांना मान्य असते. ती कोणाच्या इच्छेने संपली, एवढाच वाद असतो. व्यवस्थापन म्हणते, शिक्षकाने राजीनामा दिला. शिक्षक म्हणतो, आपणांस काढून टाकण्यात आले. रावेरसारख्या तालुक्याच्या गावी संस्थाचालक व शिक्षक यांचे संबंध बहुधा नोकरीपुरते मर्यादित नसतात. नित्याच्या ओळखीच्या माणसाकडे लेखी पोच मागणे संकोचाचे वाटते, आणि नेमका तोच कागद पुढे न्यायाधिकरणासमोर हवा असतो.

भेदाचे महत्त्व :

बडतर्फी ही शिक्षा आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ अन्वये कायम कर्मचाऱ्यास आरोपपत्र व चौकशीविना ती देता येत नाही. शिवाय कलम ९ नुसार तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. राजीनामा खरा असेल तर यांपैकी काहीच उद्भवत नाही. काही व्यवस्थापनांना बडतर्फीपेक्षा राजीनामा सोयीचा वाटतो, त्याचे कारण येथे आहे. समजा, नियुक्तीच्या वेळीच एखाद्या शिक्षकाकडून विनादिनांकाच्या राजीनाम्यावर सही घेतली आणि चार वर्षांनी त्यावर तारीख घातली. कागद राजीनाम्याचा, सही शिक्षकाची. तरीही कृती मात्र व्यवस्थापनाचीच ठरते.

असे प्रकार विधिमंडळाने गृहीत धरलेले दिसतात. कलम ७ नुसार कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत तयार करून दोहोंवर सही व दिनांक घालावा, एक प्रत नोंदणी टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी रीत सांगितली आहे. टपाल कचेरीचा शिक्का तारखेची साक्ष देतो, आणि टपाल कचेरीपर्यंत चालत जाण्यात विचाराला अवधीही मिळतो! १९८१ च्या नियमावलीतील नियम ४० प्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची, तर अन्य कर्मचाऱ्याने एका महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. सकाळी दालनात बोलावून दुपारी ‘कार्यमुक्त’ केल्याचे दप्तर पुढे आले, तर संशयास जागा उरते ती यामुळे.

न्यायालयीन दृष्टी :

भारत सरकार विरुद्ध गोपालचंद्र मिश्र (१९७८) या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पुढील तारखेपासून अमलात येणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेतला होता. तो त्यांना मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. डॉ. प्रभा अत्री (२००३) प्रकरणातील पत्र वेगळे होते. निलंबनाने व्यथित डॉक्टरने आपले म्हणणे मान्य नसेल तर राजीनाम्यावाचून गत्यंतर नाही, अशा आशयाचे लिहिले. उद्वेगातून लिहिलेला हा सशर्त मजकूर म्हणजे राजीनामा नव्हे, असा निर्वाळा मिळाला. रुग्णालयाच्या या निर्णयातून शिक्षकांनीही बोध घ्यावा, इतके त्यातील पत्र आपल्या परिचयाचे आहे.

राजीनाम्याचा कागदच नसेल, तर ‘स्वतःहून येणे बंद केले’ असा तिसरा बचाव घेतला जातो. जी. टी. लाड (१९७९) या मुंबई परिसरातील कंपनीच्या प्रकरणात, सेवात्याग हा हेतूचा प्रश्न असून संपावरील कामगारांची गैरहजेरी म्हणजे सेवात्याग नव्हे, असे ठरले. डी. के. यादव (१९९३) प्रकरणात तर स्थायी आदेशांनुसार गैरहजेरीमुळे सेवा आपोआप संपत असली, तरी म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक मानली गेली.

पुराव्याची बाजू :

राजीनामा दिला असे जो म्हणतो त्यानेच तो सिद्ध करावयाचा, आणि दबाव होता असे म्हणणाऱ्याने दबाव. अशा वादात हस्ताक्षर, आवक-जावक नोंदवही, हजेरीपट, स्वीकृतीच्या ठरावाची तारीख बोलकी ठरते. त्याहून बोलके असते ते लगेचच्या दिवसांतील वर्तन. राजीनामा देणारा माणूस दुसऱ्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करीत नाही. उलट सहा महिने गप्प राहिलेल्याचे म्हणणे दुबळे पडते.

अपील मंजूर झाल्यास पुनर्नियुक्ती व थकीत वेतन मिळू शकते. पुनर्नियुक्ती न देण्याचे ठरल्यास दहा वर्षे वा अधिक सेवेसाठी बारा महिन्यांचे, त्याहून कमी सेवेसाठी सहा महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून देण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे. वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांची वाट निराळी आहे. त्यांचे अपील महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे जाते. मुदत तेथेही तीस दिवसांचीच आहे.