पाणी चढायच्या आधीची यादी

एप्रिल संपत आला की आपली धावपळ ठरलेली. वर्षाची चटणी कुटून आणायची, शेवया-सांडगे वाळवायचे, शेणी आणि जळण आडोशाला रचायचं, घरावरचे पत्रे बघायचे. पावसाळ्याची तयारी आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. पण आमच्या कृष्णाकाठच्या गावात 2019 नंतर या कामांत एका कामाची भर पडली आहे. ते काम म्हणजे ग्रामपंचायतीत जाऊन गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा बाहेर काढायला लावणं आणि तो सगळ्यांनी बसून वाचणं.

नाव जड आहे, आम्हालाही जडच वाटलं होतं. हे साहेब लोकांचं काम, आपण बचत गटाच्या बायका त्यात काय करणार, असंच आम्ही म्हणत होतो. मग ऑगस्ट 2019 आला.

सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाण्याची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर पाहिलेली जुनी माणसं भिंतीवरची खूण दाखवून सांगत होती, ‘याच्या वर येत नाही.’ पाणी खूण ओलांडून वर आलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली. गेलेल्यांत बायका आणि लेकरं जास्त होती. ती बातमी कानावर आली तेव्हा आमच्याही गावात बोटीची वाट बघत माणसं छपरावर बसलेली होती. पुढं 2 वर्षांतच, जुलै 2021 मध्ये, परत तोच प्रकार.

आमच्या गावात सुदैवानं सगळे जगले. पण एक आजी मळ्यातल्या वस्तीवर माळ्यावर बसून दोन रात्री एकट्या राहिल्या. मुलगा पुण्याला कामाला. गावाला वाटलं त्या त्याच्याकडं गेल्या, मुलाला वाटलं गावानं त्यांना शाळेत हलवलं असेल. पूर ओसरल्यावर आम्ही पंचायतीत विचारलं, एकट्या म्हाताऱ्या माणसांची काही यादी असते का? होती की! कपाटातल्या आराखड्यात पान होतं. त्या पानावर आजींचं नाव नव्हतं, आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या एका काकांचं नाव होतं. बोट चालवणारा म्हणून ज्याचा फोन नंबर दिलेला, तो नंबर बंद होता.

त्या दिवशी आम्हाला कळलं की आराखडा म्हणजे काय आणि तो कुठं मोडतो.

आता थोडं वरून खाली बघू. 2004 ची त्सुनामी झाली, त्यानंतर 2005 मध्ये देशानं आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्या कायद्यानं राज्यात एक प्राधिकरण असतं, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. जिल्ह्यातही प्राधिकरण असतं, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. राज्याचा आराखडा, जिल्ह्याचा आराखडा करायचा आणि तो वेळोवेळी तपासून नवा करायचा, असं कायदाच सांगतो. जिल्ह्याखाली तालुका आणि तालुक्याखाली गाव. गावातल्या समितीत सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांच्या बरोबरीनं आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बायका असायला हव्यात.

म्हणजे मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षात बसलेला अधिकारी जेव्हा विचारतो, ‘त्या गावात किती माणसं हलवायची आहेत?’ तेव्हा उत्तर खालून जातं. जिल्हाधिकारी तहसीलदारांना विचारतात, तहसीलदार तलाठ्याला, आणि तलाठी कपाटातलं तेच पान उघडतात. पुण्याजवळून एनडीआरएफची तुकडी येते, त्यांच्या बोटी चांगल्या, माणसं धाडसी. पण आमच्या गावातली कुठली आजी कुठल्या माळ्यावर आहे हे त्यांना कोण सांगणार? ते पान खोटं असेल तर त्यावर उभा केलेला वरचा सगळा हिशेब खोटा.

पैशाचंही सांगू, कारण याबद्दल बायकांना कुणी काही सांगत नाही. आपत्तीसाठी राज्याकडे वेगळा निधी असतो. आपल्या राज्यात त्यातले 100 पैकी 75 रुपये केंद्र देतं आणि 25 राज्य घालतं. पूर्वी हा पैसा नुकसान झाल्यावरच निघायचा. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या वर्षांसाठी त्यात एक फरक केला. निधीतला 80 टक्के भाग मदत आणि बचावासाठी, आणि 20 टक्के भाग संकट यायच्या आधी धोका कमी करण्यासाठी. आम्हाला वाटतं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही 20 टक्क्यांचीच आहे. धसणाऱ्या डोंगराला आधार देणं, वीज अटकाव यंत्र बसवणं, अशी कामं या भागात बसू शकतात. पण त्यासाठी खालून प्रस्ताव जावा लागतो. जिथून कुणी मागतच नाही तिथं तो कसा पोचणार?

नुकसान झाल्यावर मिळणाऱ्या मदतीचे दर ठरलेले असतात. 2022 साली ठरलेल्या निकषांप्रमाणे माणूस दगावला तर वारसांना 4 लाख, दुधाची म्हैस किंवा गाय गेली तर 37,500 रुपये, शेळी गेली तर 4,000. हे दर बदलत राहतात, म्हणून तहसीलमध्ये विचारून घ्यावं. एक गोष्ट मात्र बदलत नाही, ती म्हणजे पंचनामा. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरलं तर पुढं सिद्ध करणं अवघड जातं. निदान फोनवर फोटो काढा, शेजारची दोन माणसं साक्षीला घ्या. आमच्या एका बहिणीनं वास सुटला म्हणून म्हैस पुरली. तिचं चुकलं असं आम्ही कसं म्हणावं? पण मदत काही आली नाही.

आता लांबच्या पल्ल्याचं. सरकारी कागदात निळी रेषा आणि लाल रेषा असे शब्द येतात. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी पूररेषा, आणि 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती लाल. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात घरं बांधायला मनाई आहे, आणि निळी ते लाल यामध्ये निर्बंध आहेत. आपल्या घरकुलाची जागा, नवी अंगणवाडी, दवाखाना या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. 2019 च्या पुरानंतर राज्यानं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती. पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायचं, नदीकाठच्या शहरांना पुरापासून वाचवायचं, यासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून कार्यक्रमही आखला आहे. तिकडं डोंगराळ भागात 2014 ला माळीण, 2021 ला तळिये, 2023 ला इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथं वस्ती उचलून दुसरीकडे बसवणं हाच लांबचा इलाज ठरला.

ही मोठी कामं व्हायलाच हवीत. पण त्यांना वर्षं लागतात, आणि पाऊस दर जूनला येतो. यादी दुरुस्त करायला आम्हाला लागली एक वही आणि चार दुपारी.

आम्ही काय केलं ते सांगतो. ग्रामसंघाच्या बैठकीत गल्ल्या वाटून घेतल्या. प्रत्येक गटानं आपल्या गल्लीतली घरं केली. कोण एकटं राहतं, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कुणाला दिसत नाही, कुणाचं डायलिसिस चालू आहे, जुलै-ऑगस्टमध्ये कोण बाळंत होणार. हे शेवटचं आशाताईच्या वहीत असतंच, पण आराखड्यात नव्हतं. ऊसतोडीला आलेली आणि मागंच राहिलेली दोन कुटुंबं नदीकडेला पालात होती. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती.

मग जनावरं. 2019 ला घर सोडायला नकार देणाऱ्या बहुतेक बायकांचं कारण एकच होतं, गोठा. माणसांना शाळेत न्यायचं ठरलेलं, पण म्हशी कुठं बांधायच्या हे कुणीच ठरवलं नव्हतं. ज्या बाईच्या घराचा हप्ता म्हशीच्या दुधावर जातो, ती म्हैस सोडून बोटीत कशी बसेल? आता माळावरची एक जागा यादीत लिहिली आहे, वैरण कुणी द्यायची तेही. नेणं शक्यच नसेल तर निदान दावं सोडायचं. आणि पाणी इशारा पातळीला आलं की जनावरं आधी हलवायची, धोका पातळीची वाट बघायची नाही, हे ठरलं.

शाळेत मुक्काम पडला तर बायकांचं संडास-न्हाणीघर वेगळं हवं, रात्री तिथं दिवा हवा, पाळीचे पॅड साठ्यात हवेत. हे बोलताना बैठकीत दोन-तीन पुरुष खाली बघायला लागले, पण लिहून घेतलं. आधी आराखड्यात फक्त ‘निवारा : जि. प. शाळा’ एवढंच होतं. त्या शाळेच्या ओट्याला 2021 ला पाणी लागलं होतं, हेही आम्हीच सांगितलं. आता निवारा हायस्कूलच्या इमारतीत आहे.

बायकांनी हे करणं काही नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास 8 हजार माणसं गेली. त्यानंतर पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. घर कसं बांधायचं, भिंत कशी बांधून घट्ट करायची हे बायका शिकल्या आणि त्यांनी गावाला सांगितलं. त्या वेळी ते आपत्तीनंतर झालं. आता ते आधी करायचं.

तुमच्या गावात हे कसं सुरू करायचं? 1 मेच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, तसा नियमच आहे. तिथं लेखी विषय द्या : गावाचा आपत्ती आराखडा वाचून दाखवावा आणि समितीत बचत गटाच्या प्रतिनिधीचं नाव घालावं. ठराव वहीत आला का ते बघूनच उठा. आराखडाच नाही असं उत्तर मिळालं तर तेही लिहून घ्या आणि तहसील कार्यालयात जा. बैठक सकाळी 10 ला ठेवू नका म्हणावं. त्या वेळी आपण भाकऱ्या थापत असतो, आणि मग ‘महिला आल्या नाहीत’ असा शेरा पडतो.

गटासाठीही एक काम आहे. ठराव वही, खाते वही, बँकेचं पासबुक यांच्या पानांचे फोटो दोन जणींच्या फोनमध्ये ठेवा. 2019 ला आमच्या तीन गटांची दप्तरं भिजून लगदा झाली. कुणाचं किती कर्ज बाकी यावरून झालेली भांडणं मिटायला दिवाळी गेली.

आणि नंबर लिहून घ्या. जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, राज्याचा 1070, रुग्णवाहिका 108, पोलीस आणि बाकी तातडीची मदत 112. यातला 1077 मे महिन्यातच एकदा लावून बघा. काही मोबाईलवरून आधी जिल्ह्याचा कोड लावावा लागतो, आणि ते पाणी उंबऱ्याला आल्यावर शोधत बसायचं काम नाही. आम्ही तो नंबर कोडसकट पिठाच्या गिरणीच्या दारावर रंगानं लिहून घेतला आहे. मळ्यातल्या आजींनी तो आपल्या गोठ्याच्या भिंतीवरही लिहायला लावला.