खेळ संगणकावर, पडदा हातात!
- आमच्या प्रतिनिधीकडून

आजचे मोठे संगणकीय खेळ चालविण्यासाठी शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड, भरपूर मेमरी आणि तेवढीच वीज लागते. टेबलावरच्या संगणकाला हा भार पेलतो; हातात धरून खेळण्याच्या छोट्या यंत्राची मात्र दमछाक होते. 'व्हॉल्व्ह' कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या 'स्टीम डेक'ची बॅटरी खेळानुसार दोन ते आठ तास चालते, असे कंपनीनेच सांगितले होते. खेळ जितका अवजड, तितके हे तास कमी. यावर निघालेला तोडगा म्हणजे 'गेम स्ट्रीमिंग'. यात खेळ घरच्या संगणकावरच चालतो. हातातल्या यंत्रावर येतात ती फक्त त्याची चित्रे आणि आवाज.

पडद्यामागे काय घडते?

खेळाडूने बटण दाबताच तो संदेश वाय-फायवरून संगणकाकडे जातो. संगणक पुढचे चित्र तयार करतो, ते आक्रसून लहान करतो आणि परत धाडतो. हातातले यंत्र ते उलगडून पडद्यावर दाखवते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर दर चित्रामागे १७ मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो.

चित्र आक्रसणे अपरिहार्य आहे. स्टीम डेकचा पडदा १२८० बाय ८०० बिंदूंचा. त्यावरची ६० चित्रे जशीच्या तशी पाठवायची, तर सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागेल. 'एच.२६४' किंवा 'एचईव्हीसी'सारख्या पद्धतींनी हेच काम दहा-वीस मेगाबिटमध्ये भागते. ग्राफिक्स कार्डमध्ये यासाठी स्वतंत्र भाग असल्याने खेळाचा वेगही फारसा मंदावत नाही.

चित्रपट अडत नाही, मग खेळच का?

इंटरनेटवरचा चित्रपट सुरळीत चालतो, कारण त्याचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो. खेळात ही सोय नाही. पुढचे चित्र कोणते, हे खेळाडूच्या अंगठ्यावर ठरते. ते आगाऊ साठवणार कसे? वाटेत माहितीचा तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागविण्याइतका वेळही नसतो. मग चित्र फुटते किंवा क्षणभर गोठते. म्हणूनच येथे वेगापेक्षा विलंब कमी असणे आणि तो स्थिर राहणे महत्त्वाचे ठरते. बुद्धिबळात थोडा विलंब जाणवतही नाही. मोटारींच्या शर्यतीत मात्र तेवढ्यात गाडी वळणावरून बाहेर जाते.

दीड दशकाहून जुनी कल्पना

'सोनी'ने २००६ मध्ये 'पीएसपी' या यंत्राला 'रिमोट प्ले'ची जोड दिली. 'एनव्हिडिया'चे 'शील्ड' २०१३ मध्ये, तर 'स्टीम'ची घरांतर्गत स्ट्रीमिंग सुविधा २०१४ मध्ये आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने 'प्लेस्टेशन पोर्टल' विकायला काढले. ते स्वतः खेळ चालवीत नव्हते. घरच्या 'प्लेस्टेशन ५'वरील खेळ दाखविणे, एवढेच त्याचे काम होते.

या वाटेवरचा धोकाही लक्षात घ्यायला हवा. एनव्हिडियाने २०२३ मध्ये शील्ड यंत्रांवरील आपली 'गेमस्ट्रीम' सुविधा बंद केली. ग्राहकाने विकत घेतलेले यंत्र शाबूत राहिले, ही सोय मात्र गेली. अशा वेळी उपयोगी पडल्या त्या 'मूनलाइट' आणि 'सनशाइन' या मुक्त प्रणाली. सनशाइन संगणकावर आणि मूनलाइट हातातल्या यंत्रावर बसविले, की कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर विसंबावे लागत नाही. दोन्ही विनामूल्य आहेत.

काय काळजी घ्यावी?

* संगणक राउटरला शक्यतो केबलने जोडावा. दोन्ही यंत्रे वाय-फायवर असली, की प्रत्येक चित्राला हवेतून दोनदा प्रवास करावा लागतो.
* हातातल्या यंत्रासाठी पाच गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. मात्र पाच गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. त्यामुळे राउटर जवळ असावा.
* घरातल्या घरात खेळताना चित्रांची वाहतूक राउटरपुरतीच राहते, इंटरनेटचा डेटा त्यासाठी खर्च होत नाही. बाहेरून खेळल्यास मात्र २० मेगाबिटच्या दराने तासाला सुमारे नऊ जीबी लागतात, आणि घरच्या जोडणीचा अपलोड वेगही तेवढा असावा लागतो.
* बाहेरून जोडणी करताना राउटरची दारे सरसकट उघडी टाकू नयेत. व्हीपीएनचा मार्ग अधिक सुरक्षित.

हातातले यंत्र केवळ चित्र उलगडत असल्याने ते कमी तापते आणि बॅटरीही अधिक टिकते. वीजबिल मात्र वाचत नाही. तिकडे संगणक पूर्ण ताकदीने चालूच असतो. नवे यंत्र घेण्यापूर्वी हाताशी असलेल्या मोबाइलवर मूनलाइट किंवा 'स्टीम लिंक' चालवून पाहावे. घरातले वाय-फाय या कामाला पुरेल की नाही, हे एका संध्याकाळीच कळेल आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होणार नाही.