घरातील अडगळ : काय विकावे, काय द्यावे

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची अडगळ खाली उतरते आणि बहुधा 'कधीतरी लागेल' म्हणून तशीच पुन्हा वर चढते. जुन्या वाड्यांतून माळे व कोठ्या होत्या, तेव्हा हे खपून जाई. आता आपली पुष्कळशी कुटुंबे लहान फ्लॅटांत राहतात. तेथे मोडका पलंग माणसाची जागा अडवतो. तो कमी खर्चात कसा काढावा, याचा येथे विचार करू.

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. आजींच्या ट्रंकेचा निकाल त्यांच्या पाठीमागे लावणे बरे नव्हे. जुने कागद, विशेषतः मोडी लिपीतील, जाणकाराला दाखविल्यावाचून रद्दीत घालू नयेत.

मग वस्तूंचे चार भाग करावेत : दुरुस्तीच्या, विकण्याच्या, देण्याच्या आणि टाकण्याच्या. सागवानी फळ्यांना सुतार नवे रूप देतो. जुन्या पलंगातून पाट किंवा मांडणी सहज निघते. अटाळेवाला वजनावर भाव देतो आणि पितळेला लोखंडाहून पुष्कळ अधिक मोल येते. म्हणून पितळी कड्या-मुठी आधी काढून वेगळ्या विकाव्यात. प्लायवुडच्या फुगलेल्या कपाटाला मात्र कोणी गिऱ्हाईक नसते. खरा खर्च त्याचाच. ते सुटे करून ठेवावे आणि शेजारच्या चार घरांनी मिळून एकच लोडिंग रिक्षा ठरवावी, म्हणजे भाडे वाटले जाते. नवे कपाट घेताना जुने उचलून नेण्याची अट दुकानदाराशी आधीच बोलून घ्यावी.

टाकण्याच्या वस्तू रस्त्याकडेला किंवा कान्ह नदीच्या काठी नेऊन ठेवू नयेत. रंग व डिंक लागलेले लाकूड होळीतही घालू नये. त्याचा धूर विषारी असतो. २०१७ च्या सर्वेक्षणापासून इंदूर सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिले आले, ते मुख्यतः घरोघरी कचरा वेगळा केल्यामुळे. ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या वस्तू, घातक व सॅनिटरी असे सहा भाग येथे रूढ झाले. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, तेव्हा तो भंगारात फोडू न देता विजेच्या वस्तूंतच द्यावा. अवजड सामानाबद्दल महानगरपालिकेकडे आधी चौकशी करावी.

देण्याच्या वस्तूंविषयी मात्र थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०२३ च्या मे महिन्यात देशभर निघालेल्या मोहिमेत शहरोशहरी जुने कपडे, पुस्तके व खेळणी स्वीकारणारी केंद्रे उघडली गेली. धर्मादाय संस्थाही अशा वस्तू घेतात. परंतु फाटकी गादी संस्थेच्या दारी पोचविली, तर ती हलविण्याचे भाडे संस्थेला, म्हणजे गरजूंसाठी जमविलेल्या पैशांतून, भरावे लागते. असे दान घेणाऱ्याचा मानही राखत नाही. देण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू मी माझ्या धाकट्या भावाच्या बिऱ्हाडी पाठवीन काय? उत्तर होकारार्थी असेल, तर खुर्चीचा पाय बसवून, कपडा धुऊन, संस्थेला आधी विचारून ती आनंदाने द्यावी. नसेल, तर ती टाकण्याच्या भागात घालावी.

हे काम दिवाळीच्या आदल्या दिवशी होत नाही. पंधरा दिवस आधी, रोज एक कोपरा, असे ठरविल्यास सुतारही मिळतो, भावही बरा येतो आणि सणाला घर मोकळे होते.