शिळं ऊन, ताजं ऊन

मे महिन्यात वणीजवळच्या उकणी, जुनाड किंवा कोलारपिंपरीच्या खुल्या खाणीत पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. तिथल्या एखाद्या डंपरचालकाला सांगून बघा, की या भागात एकेकाळी हिमनद्या होत्या. ऊन लागलं समजून तो तुम्हाला कांदा हुंगायला देईल. पुरावा मात्र दगडावर कोरलेला आहे. वणीपासून फार लांब नाही, चंद्रपूरच्या बाजूला इरई गावाजवळ पैनगंगेकाठी चुनखडीचा एक कातळ आहे. 1870 च्या दशकात फ्रान्सिस फेडन या भूशास्त्रज्ञाला तो गुळगुळीत घासलेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला दिसला. असे ओरखडे नदी काढत नाही. पोटात धोंडे अडकलेला बर्फाचा प्रचंड थर सरकत गेला, की खालच्या खडकावर असे चरे पडतात.

हे घडलं तेव्हा विदर्भ आजच्या जागी नव्हताच. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळे एकत्र, गोंडवन नावाच्या महाखंडात, पृथ्वीच्या पार दक्षिणेला. (या महाखंडाला गोंडांच्या भूमीचं नाव मिळालं, याचा केळापूर-झरीकडच्या लोकांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.) बर्फ वितळलं, सखल भागात दलदली झाल्या आणि त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं माजली. डायनासोर अजून जन्माला यायचे होते, फुलं तर त्याहून उशिरा आली. ती झाडं ऊन खात वाढली, चिखलात पडली, गाडली गेली. सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीचं ते ऊन आज वर्धा खोऱ्यातला कोळसा म्हणून वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, डंपरांतून सायडिंगवर येतं.

आपल्या कोळशात राख फार, अशी तक्रार असते. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. तिचं मूळही त्या बर्फात आणि नद्यांत आहे. आपल्याकडची झाडं बव्हंशी वाहत येऊन साठली, सोबत वाळू-गाळ घेऊन आली. वीज केंद्राच्या चिमणीखाली साचणारी राख हा त्या नद्यांचा गाळच आहे.

एक युनिट वीज बनवायला असा साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. रात्रभर छताचा पंखा फिरला, की पाव ते अर्धा किलो ग्लोसोप्टेरिस संपलं समजा. महानिर्मितीचं चंद्रपूरचं केंद्र 2,920 मेगावॅटचं. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला सुमारे 45 ते 50 हजार टन कोळसा लागेल, म्हणजे मालगाडीचे बाराएक रॅक. तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी 1999 पासून आहे. वणी-चंद्रपूरच्या वाट्याला धूळ आणि मुंबईच्या वाट्याला वीज, हा सौदा इतका जुना झाला आहे की त्याचं कुणाला नवलही वाटत नाही. मला वाटतं.

यवतमाळ जिल्ह्यात वणीहून पश्चिमेकडे गेलं की काळाचा दुसरा थर लागतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचं पूर्वेकडचं टोक या भागात येतं. 2021 मध्ये झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडीजवळ रस्त्याचं खोदकाम चालू असताना षटकोनी दगडी खांबांची रांग उघडी पडली. थंड होताना लाव्हा आकसतो आणि नेमका असा चिरतो. त्याच काळ्या दगडाची झीज होऊन काळी माती झाली, काळ्या मातीत कापूस आला आणि कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटी.

पऱ्हाटी म्हणजे सात-आठ महिन्यांचं ऊन. वाळलेल्या पऱ्हाटीच्या किलोत जितकी उष्णता असते, ती आपल्या राखाळ कोळशाच्या किलोच्या जवळपास जाते. सत्तावीस कोटी वर्षं एकीकडे आणि एक खरीप दुसरीकडे, तरी चुलीला फरक कळत नाही. फरक आहे तो आकारमानाचा. पऱ्हाटीचा ट्रक भरलेला दिसतो, पण त्यात वजन थोडं आणि हवा जास्त. म्हणून तिचा भुगा करून दाबून कांड्या बनवाव्या लागतात. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच ते सात टक्के असं जैवइंधन मिसळावं, असं केंद्र सरकारचं धोरण आहे. शेतकऱ्याच्या बाजूने याला वेगळंच कारण जोडलं गेलंय. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पऱ्हाटी जानेवारीतच हलवा, असं कृषी खातं सांगत असतं. ती नेणारं कुणी दारात आलं तर ऊर्जाधोरण आणि कीडनियंत्रण एकाच ट्रॉलीत बसेल.

आता ताजं ऊन. सूर्यावरून निघालेला प्रकाश सव्वाआठ मिनिटांत सौर पॅनलवर येतो आणि त्याच क्षणी वीज होतो. खरं तर तेही तितकं ताजं नाही. सूर्याच्या गाभ्यात तयार झालेली ऊर्जा ठेचकाळत, आदळत पृष्ठभागापर्यंत यायला हजारो, कदाचित लाखभर वर्षं घेते. आणि यवतमाळचं ऊन कितीही कडक असलं तरी पॅनलला ते मानवत नाही. पॅनल 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण 0.4 टक्का क्षमता घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनलचा पृष्ठभाग 65 अंशांवर गेला तर सोळाएक टक्के वीज तिथेच गळाली. पॅनलला हवा असतो फेब्रुवारीतला निरभ्र, गार दिवस. उन्हाळ्याने भाजलेल्या जिल्ह्याला सौरऊर्जेची खाण म्हणणाऱ्यांनी हा बारकावा लक्षात ठेवावा.

कोळसा, पऱ्हाटी, पॅनल, अगदी वारा आणि धरणाचं पाणी, सगळं शेवटी ऊनच. युरेनियम तेवढं या कुळातलं नाही. ते सूर्याच्याही आधीचं, सूर्यमाला जन्माला यायच्या अगोदर फुटलेल्या किंवा एकमेकांवर आदळलेल्या ताऱ्यांमध्ये तयार झालेलं. पांढरकवड्यावरून जाणारा महामार्ग ज्या हैदराबादला पोचतो, तिथल्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्याचे इंधन-जुडगे बनतात. जुडगा अर्धा मीटर लांब, वजनाला सोळा-सतरा किलो, म्हणजे शाळकरी मुलाला उचलता येईल इतका. आपल्या जडपाणी अणुभट्टीत असा एक जुडगा सहा लाखांहून अधिक युनिट वीज देतो. माझ्या हिशेबाने ती साडेचारशे टन कोळशाची, म्हणजे सात-आठ वाघिणींची बरोबरी झाली. 1969 मध्ये तारापूरला सुरुवात करूनही देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा तीनेक टक्केच आहे. 2047 पर्यंत ती 100 गिगावॅटवर न्यायचं लक्ष्य 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. तेव्हा ती नऊ गिगावॅटच्या आतच होती.

मग सगळं युरेनियमवर का चालवू नये? किंवा सगळं उन्हावर? इथे वयाचा प्रश्न संपून वेळेचा सुरू होतो. ग्रीडमध्ये ज्या क्षणी जितकी मागणी, त्याच क्षणी तितकी निर्मिती लागते, नाहीतर 50 हर्ट्झची वारंवारता हलते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रीड झालं. म्हणजे दारव्ह्यातला पंखा आणि दिल्लीतलं एसी एकाच तालावर चालतात.

अणुभट्टी एकदा लागली की चालत राहण्यात पटाईत. कारवारजवळच्या कैगाची एक क्रमांकाची भट्टी 2018 मध्ये सलग 962 दिवस चालून थांबली, त्या वेळचा तो जागतिक विक्रम होता. पण संध्याकाळपुरती वाढवा आणि मध्यरात्री कमी करा, हे काम तिच्या स्वभावातलं नाही. कोळशाचा बॉयलर वर-खाली होतो, पण कुरकुरत, तास घेत. सूर्य तर कुणाचं ऐकतच नाही. झटपट हलतं ते पाणी. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन झालं, तेव्हा मागणी 12 ते 14 हजार मेगावॅटने पडेल असा अंदाज होता. ती पडली सुमारे 31 हजारांनी, पंचवीसेक मिनिटांत. त्यातले सतरा हजारांहून अधिक मेगावॅट जलविद्युत केंद्रांनी कमी करून दाखवले आणि थोड्या वेळाने परत चढवले. ग्रीड टिकलं.

वेळेचा हा हिशेब यवतमाळच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कृषिपंपाची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला ओलित करायला मध्यरात्री डीपीकडे जायचं, तेही रानडुकरांच्या आणि वाघाच्या मुलखात. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जोडली गेलेली वाघीण, टी-1, नोव्हेंबर 2018 मध्ये मारली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत रात्रीची लाइन म्हणजे काय, हे कोणत्याही अहवालापेक्षा तिथल्या बायकांना जास्त ठाऊक होतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 2023 मधला दुसरा टप्पा, सुमारे 16 हजार मेगावॅटचा, माझ्या मते याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. ऊन असताना पंप चालवा. साठवणीचा प्रश्न शेतातच मिटतो, कारण पिकाला दिलेलं पाणी ही साठवणच.

घरातल्या दिव्यांचं तसं नाही. 2025 च्या मध्यात देशाच्या वीज क्षमतेतला अर्धा वाटा बिगर-जीवाश्म झाला, 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं, असं सांगितलं गेलं आणि ते खरं आहे. तरीही दहातले सात युनिट कोळशातूनच येतात. पॅनल वर्षातल्या तासांपैकी जेमतेम एक-पंचमांश तास पूर्ण ताकदीइतकं काम करतं, त्यामुळे क्षमतेच्या आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सातला विचारा, कोण चालू आहे.

दुपारचं ऊन सातपर्यंत नेण्याचा जुना मार्ग म्हणजे पाणी वर चढवून ठेवणं. सह्याद्रीत घाटघरला 250 मेगावॅटचं तसं केंद्र आहे. बंद पडलेल्या कोळसा खाणींतही हे करता येईल का, याची चाचपणी कोल इंडियाने चालवली आहे. वणीच्या खाणी बघताना ही कल्पना मोहात पाडते. खाली प्रचंड खड्डा आहे आणि शेजारी त्यातूनच निघालेल्या मातीचा डोंगर, म्हणजे चढ आयता तयार. फक्त गणित करून बघावं. शंभर मीटर खाली पडणारं एक टन पाणी पाव युनिटच्या जरा वर वीज देतं, एक टन कोळसा चौदाशेच्या आसपास. एका टन कोळशाची भरपाई करायला पाच हजार टन पाणी रोज वर चढवायचं आणि खाली सोडायचं. शिवाय तो डोंगर सैल मातीचा. पहिल्या पावसात तो कसा घसरतो, हे खाणीलगतच्या गावांनी पाहिलंय. त्याच्या माथ्यावर तळं बांधायचं तर आधी त्याच्या पोटात काय काय टाकलं गेलंय, हे तिथल्या जुन्या डंपरवाल्यांना विचारावं लागेल.