मासळी खाऊ की नको? संशोधन सांगण्याच्या दोन भाषा

पर्यावरणामुळे आरोग्यावर काय परिणाम होतो याचं संशोधन शास्त्रज्ञांना कसं सांगायचं आणि लोकांना कसं, हे आज आपण पाहणार आहोत.

उदाहरण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच घेऊ. खेड तालुक्यात लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे आणि खाली दाभोळची खाडी. प्रदूषणाचा खाडीतल्या मासेमारीवर झालेला परिणाम माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने नोंदवला. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राकडे गेला. लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये, माहिती अधिकारात भांडल्यावर, आणि तोही इंग्रजीत. ज्यांच्या जाळ्याचा प्रश्न, त्यांनी तो वाचायचा कसा?

समजा, उद्या कुणी खाडीतल्या मासळीत पारा तपासला. शास्त्रज्ञ विचारतील, नमुने किती, कुठले, कोणत्या ऋतूतले? घरातली बाई विचारेल, ही मासळी पोराला घालू की नको? दोन्ही प्रश्न रास्तच. पहिल्याचं उत्तर तक्त्यात देता येतं. दुसऱ्याला मात्र थेट सांगावं लागतं: पारा मोरीसारख्या मोठ्या, शिकारी माशांत जास्त साठतो, तारलीसारख्या लहान माशांत कमी. शिजवून तो जात नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना त्याचा धोका अधिक.

इथेच एक घोटाळा होतो. चार नमुने तपासून 'धोका आढळला नाही' असं लिहिलं, की बातमीत त्याचं 'धोका नाही' होतं. म्हणून किती तपासलं आणि काय तपासायचं राहिलं, हे लोकांनाही सांगायलाच हवं.

आणि सांगणं एकाच बाजूने होत नाही. जपानमध्ये मिनामाताच्या कोळीवाड्यांत मांजरं झटके येऊन मरताना लोकांनी आधीच पाहिली होती. माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा हे त्याचं कारण असल्याचं सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली १२ वर्षं लोक मासे खातच होते.

तेव्हा खाडीत मासे मेलेले दिसले, तर नुसती ओरड नको. तारीख, जागा, भरती की ओहोटी, उधाण की भांग, पाण्याचा रंग, वास हे सगळं वहीत टिपून ठेवू या आणि फोटो काढू या. अशी नोंद शास्त्रज्ञालाही वापरता येते. आणि अहवाल आला, की आपण एवढंच विचारू: हे मराठीत सांगा, आणि आम्ही काय करायचं तेही सांगा.