मोठ्या कुत्र्यांची खुब्याची शस्त्रक्रिया आणि नंतरची शुश्रूषा
लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत ‘हिप डिस्प्लेझिया’, म्हणजे खुब्याची खोबण आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा यांची सदोष जुळणी, वारंवार आढळते आणि शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार पुढील शुश्रूषा बदलते. कृत्रिम सांधा बसवल्यास तो निखळू नये म्हणून पहिले काही आठवडे हालचालींवर कडक बंधन असते. उलट हाडाचा माथा काढून टाकणाऱ्या ‘एफएचओ’ शस्त्रक्रियेनंतर तंतुमय ऊतींचा लवचीक सांधा तयार व्हावा, यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने पट्ट्याला धरून संथ चालवणे लवकर सुरू करावे लागते. दोन्ही प्रकारांत गुळगुळीत फरशीवर रबरी चटया अंथरणे, उठताना पोटाखालून टॉवेलचा आधार देणे आणि वजन आटोक्यात ठेवणे अत्यावश्यक असून, आयब्युप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना विषारी ठरत असल्याने ती कधीही देऊ नयेत.